मधला थांबा

बहगतच्या गाडीचा हॉर्न आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ओळखू यायचा, कारण त्याचा आवाज बसलेला होता. सुवेझच्या भंगारबाजारातून त्याने तो आणला तेव्हाच त्याच्या दोन तोंडांपैकी एकाला चीर गेलेली होती. दाबला की आधी खाकरल्यासारखं व्हायचं आणि मग सूर निघायचा. खालचा न्हावी त्याला 'पडसं झालेली म्हैस' म्हणायचा. बहगतला त्याचं काही वाटत नसे. म्हणायचा, "नव्या कलाक्सचा आवाज सगळ्यांचा सारखाच. हा माझा आहे." कलाक्स म्हणजे हॉर्नच, रस्त्यावरच्या भाषेत.

बहगत माझा धाकटा भाऊ. जन्मभर त्याने कैरोत शुब्रा ते रामसीस मायक्रोबस चालवली. मी सरकारी रेडिओच्या बातमी विभागात भाषा तपासायचो. लोक त्याला उस्ता म्हणत, गाडीवाल्यांना आणि कारागिरांना म्हणतात तसं, आणि मला उस्ताज, शिकलेल्यांना म्हणतात तसं. आई म्हणायची, माझ्या दोन मुलांमध्ये एका अक्षराचं अंतर आहे. ते अंतर मला नेहमी त्या अक्षराहून मोठं वाटत आलं, पण ते असो.

गाडीचा मार्ग आमच्या घराखालूनच जातो. दुपारच्या फेरीला घराजवळ गाडी उभी करायची सोय नसे, मागे रांग लागलेली असायची. म्हणून बहगत कोपऱ्यावरूनच हॉर्न द्यायचा: दोन लहान, मग जरासा थांबा, मग एक लांब. तिसऱ्या मजल्यावर त्याची बायको इन्साफ काचेच्या बरणीत चहा भरून, रोटीत तामियाचे वडे आणि सलगमचं गुलाबी लोणचं घालून तयार असायची. ती दोरीला बांधलेली टोपली सज्जातून खाली सोडायची. गाडी हळू व्हायची, दाराजवळचा उतारू टोपलीतलं काढून पुढे द्यायचा, आणि सकाळची रिकामी बरणी टोपलीत ठेवायचा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की उतारूही मध्ये लोणच्याचा तुकडा उचलायचे आणि वर बघून ओरडायचे, "हात सलामत राहोत, उम्म तहानी!" उम्म म्हणजे आई; तहानी ही त्यांची मुलगी.

कैरोत हॉर्नला भाषा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. एक लहान दिला की आभार. लागोपाठ पाच दिले की आईवरून शिवी. गाड्या रांगेने ठेका धरून गेल्या की वरात. मला ही भाषा कधी आली नाही. शिवी आणि वरात यांत माझी अजून गल्लत होते. एकदा चौकात मला कुणीतरी पाच दिले आणि मी हात हलवून 'मुबारक' म्हटलं, ही गोष्ट बहगत प्रत्येक ईदला नव्याने सांगायचा.

रेडिओच्या स्टुडिओत बाहेरचा आवाज शिरत नाही. आम्ही आत बसून एखादी बातमी तपासत असायचो, मी कर्ता-कर्म पाहत असायचो, आणि बाहेर रस्त्याला ती केव्हाच कळलेली असायची. मॅच जिंकली, निकाल लागले, सरकार पडलं. घरी आलो की बहगत म्हणायचा, "तुमची वाचून व्हायच्या आधी आमची वाजून झाली, उस्ताज." ज्या वर्षी सरकारविरुद्ध चौक माणसांनी भरले त्या वर्षी लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. सरकारची तळी उचलणाऱ्याला आमच्याकडे भोंगा म्हणतात. न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी तो शब्द मला ऐकू जाईल असा उच्चारला. बहगत तिथे दाढी करून घेत होता. तोंडावर फेस तसाच ठेवून तो उठला. मला वाटलं, आता हातघाई होणार. तो म्हणाला, "माझ्या भावाला भोंगा म्हणायचं नाही. भोंग्याला निदान आवाज असतो."

सगळे हसले. मीही हसलो. पुन्हा कुणी तो शब्द काढला नाही.

शब्दाचाच विषय निघाला आहे तर आणखी एक सांगतो, पुढे त्याचं काम पडणार आहे. कलाक्स हा शब्द मी बातमीत कधी जाऊ दिला नाही. तो कुठल्याशा परदेशी कारखान्याच्या नावावरून आलेला. तो आला की मी त्यावर काट मारून शुद्ध शब्द घालायचो: भोंगा. 'रुग्णालयाच्या परिसरात वाहनचालकांनी भोंगे वाजवू नयेत.' रस्त्यावर गाडीच्या हॉर्नला भोंगा कुणीच म्हणत नाही; तिथे भोंगा माणसाचा असतो, म्हणजे त्याचं बडबडं तोंड. हे मला माहीत होतं, पण जसं पुस्तकातलं माहीत असतं तसं.

बहगत हिवाळ्यात गेला. गाडीतच, रामसीसच्या अड्ड्यावर, उतारू भरत असताना. छातीत कळ आली आणि मान पुढे गेली. डोकं हॉर्नवर टेकलं म्हणतात, आणि मागचे गाडीवाले बराच वेळ त्याला शिव्या घालत होते. हे मला कुणी सांगायला नको होतं.

चाळिसावा दिवस झाल्यावर गाडी विकली. दक्षिणेकडच्या मिन्याचा एक तरुण उस्ता घेऊन गेला, शहाता नावाचा. आमच्याकडे मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव शहाता ठेवतात, म्हणजे भिकेत मागून आणलेला. मग त्याला दृष्ट लागत नाही. गाडी त्याच मार्गावर राहिली. आणि हॉर्नही गाडीबरोबरच गेला. तो काढून ठेवावा हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

वसंतातल्या एका शुक्रवारी तहानी माझ्या खोलीवर आली. मी चौथ्या मजल्यावर मागच्या बाजूला राहतो. तिथून रस्ता दिसत नाही. तहानी औषधाच्या दुकानात काम करते, एरवी दुपारी घरी नसते. दार लावून घेऊन ती हळू म्हणाली, "अम्मो, आई टोपली सोडते."

ती मला अम्मो म्हणते, काका.

"कुणासाठी?"

"कुणासाठी काय! हॉर्न आला की उठते, चहा भरते, रोटी भरते, आणि सोडते. आज मी घरी होते म्हणून बघितलं. मी आतल्या खोलीतून पाहत होते, तिला कळलं नाही. दोन लहान, एक लांब. बाबांचाच. माझ्या अंगावर काटा आला. ही मात्र शांत. हात पुसले आणि सज्जात गेली."

"मग?"

"मग मी विचारलं, जेवण कुठं गेलं? म्हणाली, खाल्लं. कुणी खाल्लं? म्हणाली, ज्यानं वाजवलं त्यानं." तहानी रडायला लागली. "आणि टोपली रिकामी येते, अम्मो. बरणी धुतलेली असते. मांजरानं खाल्लं म्हणावं, तर मांजर बरण्या धुतं का?"

मी म्हटलं, तिनेच धुतली असेल आणि तिलाच आठवत नसेल. तहानीलाही तसंच वाटत होतं. दुकानात अशी माणसं रोज पाहते, म्हणाली. सुरुवात अशीच असते. "तिला सरळ विचारता येत नाही हो. 'आई, बाबा गेलेत ना गं?' असं कुणी विचारतं का? ती नाही म्हणाली तर मी काय करू?"

खरंच होतं. मलाही विचारता आलं नसतं.

"त्या उस्ताला सांगा, हॉर्न बदल म्हणून. तो आवाजच नाही आला तर हळूहळू सुटेल. मी अड्ड्यावर गेले तर दहा जण दहा बोलतील. तुम्ही जा. तुम्ही शब्दांचे माणूस."

मी शब्दांचा माणूस होतो हे खरं. पण ते इतरांचे शब्द असायचे. माझे बोलायचे म्हटले की घशात अडकतात. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट घालून अड्ड्यावर गेलो आणि बहगतच्या गाडीत शहाताच्या शेजारच्या जागेवर बसलो. गाडीत अजून बहगतने लावलेली निळ्या मण्यांची माळ होती.

शहाता तोंडाचा मोठा मोकळा निघाला. रामसीस सुटायच्या आत सगळ्या गाडीशी त्याची ओळख झाली. "सरका हाजी, सरका, तुमच्या शेजारी अजून एक मावतो, तुम्ही काही वजीर नाही." मागची एक बाई म्हणाली, "उस्ता, खड्डे सांभाळून. अंडी आहेत." तो तिला मावशी करून म्हणाला, "पोटात की पिशवीत, खाला?" "पिशवीत रे मेल्या! या वयात पोटात कुठली?" सगळी गाडी हसली. मीही हसल्यासारखं केलं आणि मनातल्या मनात माझं वाक्य पुन्हा तपासलं. रात्रीपासून तपासत होतो.

एका टॅक्सीला बाजूला सारायला त्याने हॉर्न दिला. खाकर, आणि मग तो सूर. मी बाहेर पाहू लागलो.

"ऐकलंत?" शहाता गाडीला उद्देशून म्हणाला. "हा साधा कलाक्स नाही. हा वाजवला की आभाळातून जेवण उतरतं. वल्लाही! गरम चहा, रोटी, लोणचं. दोरीनं उतरतं."

मागून कुणी म्हणालं, "तुझं नावच शहाता. मागितलंस, मिळालं."

"अड्ड्यावर पण हेच बोलतात, जळतात लेकाचे."

मला वाटलं, गाडीवाल्यांची थट्टा असेल काहीतरी. मी माझ्या वाक्यात इतका गुंतलो होतो की समोर ठेवलेली गोष्ट मला दिसली नाही.

घराच्या अलीकडचा चौक आला तेव्हा मी घसा साफ केला. "उस्ता शहाता. मी दिवंगत बहगतचा थोरला भाऊ."

त्याने लगेच गाण्याचा आवाज कमी केला. "अल्लाह त्यांच्यावर रहम करो! आधी नाही का सांगायचं, उस्ताज? डोक्यावर बसवलं असतं."

"एक विनंती घेऊन आलो आहे. आमच्या घराखाली आपला भोंगा कृपया बंद ठेवावा. त्या बाईंना त्याचा फार त्रास होतो. शेजारीपाजारी चर्चा सुरू झाली आहे."

वाक्य व्यवस्थित झालं. कुठे अडखळलो नाही. गाडी मात्र एकदम गप्प झाली, ती अंड्यांची बाईसुद्धा.

"भोंगा," शहाता म्हणाला. "माझा?"

"होय. आपलाच."

"उम्म तहानींनी पाठवलं तुम्हाला?"

इथे 'नाही' म्हणायला हवं होतं. पण तहानीचं नाव गाडीत कसं घ्यायचं, असं मनात आलं, आणि मी बातमीत लिहितात तसं उत्तर दिलं. "घरातील सर्वांच्या वतीने आलो आहे."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "चूक झाली, उस्ताज. पुन्हा ऐकू येणार नाही."

मला आमच्या दाराशी उतरवून तो गेला. पुढे कोपऱ्यावर एक हातगाडी आडवी आली तरी त्याने हॉर्न दिला नाही, खिडकीतून हात काढून वाट मागितली. मी मनात म्हटलं, किती समजूतदार मुलगा. जिना चढताना मला इतकं हलकं वाटत होतं की तिसऱ्या मजल्यावर थांबून इन्साफच्या दारावर टकटक करावी आणि उगाच चार शब्द बोलावेत असं वाटलं. पण ती दुपारच्या तयारीत असेल म्हणून पुढे गेलो.

त्या दुपारी हॉर्न आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तहानी म्हणाली, आईने चहा भरला होता, बरणी हातात धरून सज्जात उभी होती. चहा काळा पडून गार झाला तशी आत आली आणि मोरीत ओतला. चार दिवस असंच चाललं. मग तिने चहा करायचं सोडलं. तहानीला बरं वाटलं. मग स्वयंपाक करायचंही सोडलं, आणि तहानी घाबरली. "अम्मो, ती आता काहीच करत नाही. दिवाणावर बसते. मी म्हटलं, मुलुखियाची भाजी करू या का? म्हणाली, खाणार कोण. तेव्हासुद्धा अशी नव्हती, बाबा गेले तेव्हा."

आठवडा उलटला असेल. संध्याकाळी तहानी दुकानातून आली ती हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जड काहीतरी घेऊन. मी तेव्हा त्यांच्याकडेच बसलो होतो. तो उस्ता दुकानावर ठेवून गेला, म्हणाली. बोलला काही नाही, वर मान करून पाहिलंही नाही. तिने कागद सोडला. आत बहगतचा हॉर्न होता, दोन्ही तोंडं पुसून लख्ख केलेली. चीर गेलेल्या तोंडात एक पांढरा कपडा घडी करून खोचला होता. टोपलीत रोटीवर झाकायचा, निळ्या काठाचा. धुतलेला.

इन्साफ दिवाणावरून उठली. कपडा बाहेर ओढून तिने नाकाला लावला. "साबण लावून धुतलाय मेल्यानं," ती म्हणाली. "चुरगळून दिला असता तरी चाललं असतं." मग आमच्याकडे वळून, "हे त्यानं परत का केलं?"

तहानी वर्तमानपत्राची घडी घालू लागली.

"तहानी. का परत केलं?"

तहानीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. शेवटी तिने सांगितलं, रडत, तुटक तुटक: टोपली, बाबांचा हॉर्न, धुतलेली बरणी, 'ज्यानं वाजवलं त्यानं खाल्लं', आणि आम्हाला वाटलं की.

"की मला वेड लागलं," इन्साफ म्हणाली.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती खुर्ची ओढून टेबलाशी बसली आणि हॉर्न जवळ घेतला.

"बहगत बाब अन-नस्रच्या कब्रस्तानात आहे. दर गुरुवारी मी जाते आणि मातीवर पाणी घालते. कुठे आहे ते मला माहीत नाही होय? पहिल्या दिवशी हॉर्न आला, तेव्हा हात आपोआप उठले, एवढं खरं. टोपली अर्ध्यावर गेल्यावर माझं मलाच कळलं. लाज वाटली. ओढायला लागले तर गाडी थांबलेली. पोरगा खाली उतरून वर बघत उभा. मागचे सगळे त्याला पाच-पाच देतायत, हा हलेना. ओरडून म्हणतो, 'खाला, हे कुणासाठी?' काय सांगायचं? म्हटलं, 'जो वाजवेल त्याच्यासाठी.'"

तिने बोटाने टेबलावर ठोकलं. टक, टक. थांबली. मग बोट दाबून धरलं.

"त्याला यायचं नाही. नुसतं पोंपों करायचा. मी सज्जाच्या लोखंडावर वाजवून दाखवायची, तो खालून ऐकायचा. दोन लहान लगेच जमले. लांबही जमला. मधला थांबाच जमत नव्हता. दम धरायचा नाही. मी म्हटलं, अरे, दोन देऊन झाले की मला उठायला वेळ दे, मग तिसरा दे. बहगत त्यात तेवढंच तर म्हणायचा: उठ, सावकाश उठ, आता सोड. तेव्हा कुठे जमलं त्याला. आईपासून लांब राहतो म्हणाला, खोलीवर चूल नाही."

तहानीने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू संध्याकाळी दमून येतेस. आणि सांगण्यासारखं काय होतं? एक पोर जेवत होतं." मग ती माझ्याकडे वळली. "लुत्फी, तुम्ही त्याला काय म्हणालात? जसंच्या तसं सांगा."

मी सांगितलं. जसंच्या तसं पाठच होतं.

"भोंगा म्हणालात?"

"हो."

"कलाक्स नाही. भोंगा."

"शब्द तोच योग्य," मी म्हणालो, आणि म्हणतानाच मला कळलं.

तिला हसू आलं. बहगत गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता तिने तो निळ्या काठाचा कपडा डोळ्यांवर दाबला आणि बराच वेळ काढला नाही. "अहो उस्ताज," आतून आवाज आला, "भर गाडीत, दहा माणसांसमोर, तुम्ही त्याला तोंड बंद कर म्हणालात. वर म्हणालात, बाईला त्रास होतो, शेजारी चर्चा होते. त्याला काय वाटलं असेल? मी त्याला विधवेची अब्रू चव्हाट्यावर मांडणारा समजले."

दुसऱ्या दिवशी मी अड्ड्यावर गेलो. या वेळी वाक्य तयार केलं नव्हतं. गाडी दिसेना. बहगतच्या ओळखीचा एक म्हातारा उस्ता होता, फहमी नावाचा. तो टपावर चहाचा ग्लास ठेवून उभा होता. त्याने ओळखलं आणि हात दिला, पण नेहमीसारखा नाही.

"शहाता? गेला. गाडी घेऊन गेला मिन्याला."

"परत कधी येणार?"

"परत येणारा माणूस गादी-उशी बांधून नेतो का?" तो चहाचा घोट घेऊन म्हणाला, "आम्ही थट्टा करायचो त्याची. आज भीक काय पडली रे शहाता? तोही हसायचा. अभिमान होता त्याला. शुब्रात मला एक खाला मिळाली, सगळ्यांना सांगत फिरायचा. मग एक दिवस तोंड पाडून आला. म्हणाला, माझ्या जिभेनं त्या माउलीच्या घरी बोलणं आणलं. त्या रस्त्यावर आता मी वर कसा बघू? आम्ही म्हटलं, मार्ग बदल. नाही म्हणाला. कुठूनही गेलो तरी दुपार होतेच ना, म्हणाला."

मी त्याला सगळं सांगायचा प्रयत्न केला. टोपली, तहानीची भीती, बातम्यांतला शब्द. माझ्या लक्षात येत होतं की मी फार आधीपासून सुरुवात केली आहे. फहमी ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे तुम्हाला कलाक्सबद्दल बोलायचं होतं?"

"हो."

"मग कलाक्स म्हणायचं ना, उस्ताज!"

तो चिडून म्हणाला नाही. फार वाईट वाटून म्हणाला. शहाताचा फोन त्याने माझ्यासमोर लावून पाहिला, बंद होता. त्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांबरोबर निरोप देतो, म्हणाला. "पण हे कसं सांगायचं ते मला कळत नाही. चार तोंडांतून गेलं की अजूनच काहीतरी होऊन बसेल."

घरी येताना मला एक कल्पना सुचली. आता वाटतं, ती सुचली नसती तर बरं. गल्लीच्या तोंडाशी एक वीजवाला आहे, गाड्यांच्या बॅटऱ्या भरून देतो. त्याच्याकडून एक जुनी बॅटरी आणली, त्याने हॉर्नला दोन वायरी जोडून दिल्या आणि कुठे टेकवायचं ते दाखवलं. दुपारी मी ते सगळं घेऊन सज्जाखाली फरसबंदीवर उकिडवा बसलो. न्हावी दारात येऊन उभा राहिला. दोन लहान दिले. थांबलो. मनात म्हटलं, उठ, सावकाश उठ. मग एक लांब दिला.

तो खाकरलेला सूर सगळ्या रस्त्यावर गेला. समोरच्या खिडकीतली म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अल्लाह तुझ्यावर रहम करो, बहगत!" एक टॅक्सी हळू झाली. न्हाव्याने हातातला वस्तरा मिटला.

इन्साफ सज्जात आली. कठड्यावर दोन्ही हात ठेवून तिने खाली पाहिलं. मी, बॅटरी, वायरी, मांडीवर हॉर्न. टोपली तिच्या पायाशीच असणार, दोरीचं टोक मला दिसत होतं. तिने ती उचलली नाही.

"वर या, लुत्फी," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण मला ऐकू आलं. "जेवण वर आहे. टोपली वाटेवरच्या माणसासाठी असते. तुम्ही तर कुठंच जात नाही."

मी वायरी सोडवल्या आणि वर गेलो.

तेव्हापासून दुपारचं मी त्यांच्याकडेच जेवतो. इन्साफ पुन्हा स्वयंपाक करू लागली आहे, दोघांपुरता आणि थोडा जास्त. हॉर्न फ्रिजवर ठेवलेला असतो. तहानीने त्यावर धूळ बसू नये म्हणून तोच निळ्या काठाचा कपडा टाकला आहे. आम्ही फार बोलत नाही. खाली रस्ता वाजत असतो. सुरुवातीला मला ते सगळं एकच गलका वाटायचं. आता काही काही कळतं. इन्साफ घास तोंडाशी नेता नेता सांगते, "हा आभार मानतोय." "ही रुग्णवाहिका, पण घाई नाही तिला, रिकामी आहे." "ही वरात. हसू नका, शिवी नव्हे, वरातच."

एकदा मी धीर करून म्हटलं, की तो हॉर्न तर इथे फ्रिजवर आहे, शहाता आला तरी आपल्याला कसं कळणार?

"दुसरा बसवला असेल त्यानं," ती म्हणाली. "हॉर्न कुठलाही असू दे. मधला थांबा तो विसरायचा नाही. फार मेहनतीनं शिकवलाय मी."

उन्हाळा संपत आला आहे. फहमीकडे मी अधूनमधून जातो. निरोप पोहोचला की नाही, हे त्याला सांगता येत नाही. काल जेवताना कोपऱ्यावरून दोन लहान आले. इन्साफचा हात थांबला. माझाही. ती अर्धी उठली होती, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मी ऐकला. मग लगेच तिसरा, चौथा, पाचवा, मध्ये श्वास घ्यायलाही जागा न ठेवता.

"तो नव्हे," ती म्हणाली, आणि खाली बसली, आणि माझ्या ताटात लोणचं वाढलं.